कथेतले संवाद : बोली किती, कशी आणि कुणाच्या तोंडी?

निळी_शाई

मंडळी, दिवाळी अंकासाठी एक कथा लिहायला घेतली आहे. घडते दर्यापूरकडच्या एका खेड्यात, खारपाणपट्ट्यात. माझं आजोळ तिकडचं, त्यामुळे गाव, घरं, वावरं सगळं डोळ्यांसमोर आहे. निवेदन बरं उतरतंय. संवादांपाशी गाडी अडते. दोन मैत्रिणींना वाचायला दिली. एक म्हणाली "छान" (म्हणजे काही उपयोग नाही). दुसरी म्हणाली, "माणसं मालिकेतल्यासारखी बोलतात, फक्त मधूनमधून 'राहिलो' टाकलंय."

नमुना देते. दोघे भाऊ आहेत, वडील वारलेत.

"दादा, बाबांना जाऊन दोन वर्षं झाली. त्यांनी सोसायटीकडून काढलेलं पीककर्ज अजून फिटलेलं नाही. म्हणून मी म्हणून राहिलो की आपण खालचं वावर विकून टाकू."
"काय बोलून राहिला तू, संजू? ते वावर म्हणजे बाबांचा जीव होता. किती कष्टानं घेतलं होतं त्यांनी, तुला माहीत आहे ना!"

बोली किती घालावी? पुण्यामुंबईच्या वाचकाला कळेल का? कंसात अर्थ द्यावेत का? आणि मुळात पुण्यात वाढलेल्या बाईने वऱ्हाडी लिहावी का? मोकळेपणाने सांगा.

कोल्हापुरी_चप्पल

लिहा की! तुम्ही नाही लिहिणार तर कोण लिहिणार. तेवढं कंसातले अर्थ नकोत. कथा वाचतोय का शब्दकोश, कळत नाही.

वऱ्हाडी_ठेचा

मी अकोल्याचा. तुमच्या संवादात वऱ्हाडी कमी पडली, हा रोग नाहीच. हेच संवाद शुद्ध पुणेरीत लिहिले तरी खोटेच वाटतील. कारण दोघंही एकमेकांना ठाऊक असलेल्या गोष्टी सांगतायत. बाप मेला हे संजूने दादाला कशाला सांगायचं? दादाने खांदा दिलाय. कर्ज कुणाचं, कधीचं, हे त्या घरात शेंबड्या पोराला पाठ असतं. "तुला माहीत आहे ना" असं पात्र म्हणालं, की समजावं, लेखक वाचकाशी बोलतोय, पात्र आपसांत नाही.

म्हणून आधी हे ठरवा की या क्षणी संजूला दादाकडून काय हवंय आणि दादाला काय टाळायचंय. संजूला विषय काढायचाय, धीर होत नाही. दादाला विषय निघणार हे कळलंय, त्याला तो निघू द्यायचा नाही. आता बघा. मी काही लेखक नाही, पण तिकडे असं बोलतात :

"सोसायटीचा मानूस आल्ता."
दादा तुरीचं पोतं शिवत होता. त्यानं दाभण पोत्यात खुपसून ठेवलं. "कई?"
"सकाऊन."
"चहा पाजला काय त्याले?"
"पाजला."
"मंग झालं." त्यानं पुन्हा दाभण उचललं.
संजू उंबऱ्यातच उभा राहिला. "सरपंच इचारून राह्यला होता. खालच्या वावराचं."
"मीठ पिकवाचं असन त घे म्हना."

कर्ज हा शब्द आला नाही, बाप आला नाही, कष्ट तर नाहीतच. तरी घरावर देणं आहे, जमीन विकायचा विषय आहे, मोठा भाऊ ताकास तूर लागू देत नाही, हे सगळं कळतं. शेवटचं वाक्य खारपाणपट्ट्यातला माणूसच बोलेल. दुसरीकडच्या शेतकऱ्याला मीठ सुचणार नाही. तुमच्याकडे विहिरीचं पाणी खारं, ते पिकाला चालत नाही, प्यायलाही नाही. ही गोष्ट तुम्ही निवेदनात परिच्छेदभर समजावली असणार, पैज लावतो. तो परिच्छेद कापा. पात्रांच्या तोंडून ते आपोआप येईल.

निळी_शाई

परिच्छेद आहे. दीड पानी. :) "मीठ पिकवाचं असन" वाचून टेबलावर हात आपटला.

पण "कई", "सकाऊन"? कळतील?

वऱ्हाडी_ठेचा

"सोसायटीचा माणूस आल्ता", "कई?", "सकाऊन". ज्याला यातून "कधी" आणि "सकाळी" कळत नाही त्याला कंसात लिहूनही कळणार नाही. अडेल असा शब्द एका पानावर एखादाच ठेवा आणि त्याच्या आसपास काहीतरी घडतंय असं दाखवा. हाताला दाभण आणि सुतळी दिली की "दाभण" समजावत बसावं लागत नाही.

शंकासुर

मला हा सगळा बोलीचा सोस पटत नाही. गावातला माणूस म्हणून बोली, शहरातला म्हणून प्रमाण, ही विभागणीच मुळात खोटी. आणि लेखकाच्या सोयीची. संजू काय शिकलाय? अमरावतीला कॉलेज केलं असेल तर तो "इचारून" म्हणेल का? "विचारून राह्यला होता" म्हणेल. सोसायटीच्या माणसाशी बोलताना आणखी वेगळं बोलेल, तिथे "हो साहेब, भरतो ना" असं जपून बोलेल. घरात आल्यावर पुन्हा "हाव". एकाच माणसाची दिवसभरात तीन-चार मराठी होतात. सगळ्या गावाला एकाच टोपीखाली कोंबून त्यावर "वऱ्हाडी" अशी चिठ्ठी लावली की तमाशातला पाटील तयार होतो.

शिवाय गावात सगळी घरं एकसारखी बोलत नाहीत हे कुणी सांगायचं? जातीने बोली बदलते, वस्तीने बदलते, माहेरून आलेल्या बाईने बदलते. यवतमाळकडून आलेली सून आणि तिची सासू एका चुलीपाशी उभ्या राहूनही सारखं बोलत नाहीत. निळ्या शाईबाईंनी हे ऐकलंय का, हा खरा प्रश्न आहे. पुण्याच्या की अमरावतीच्या, हा नाही.

वऱ्हाडी_ठेचा

शंकासुराशी सहमत व्हायची वेळ आली, पाऊस पडणार आज. संजूच्या तोंडी "विचारून राह्यला" जास्त बरोबर, मान्य. आणि त्याचा फायदाही आहे : दादा "इचारून" म्हणतो, संजू "विचारून" म्हणतो, एवढ्या फरकात कोण शिकला नि कोण वावरात राहिला हे एकही शब्द न बोलता कळतं. भांडण पेटल्यावर संजूच्या तोंडून "इचारून" निसटू द्या. वाचकाला कळणार नाही काय झालं ते, पण लागेल.

तळकोकणातून

बोली म्हणजे उच्चार चुकीचे लिहिणं नव्हे, हे कुणीतरी मोठ्याने सांगायला हवं होतं. नवे लेखक "पाणी"चं "पानी" आणि "आहे"चं "हाय" केलं की ग्रामीण कथा झाली समजतात. बोली क्रियापदात असते. माझ्या मालवणीत "माका", "तुका" आणि "खय जातंस" असलं की पुरे. बाकी शब्द प्रमाण ठेवले तरी माणूस सावंतवाडीचा वाटतो. उलट प्रमाण वाक्याच्या डोक्यावर बोलीतले दोन शब्द कोथिंबिरीसारखे भुरभुरले तर काही होत नाही. तुमच्या पहिल्या मसुद्यात तेच झालंय : "आपण खालचं वावर विकून टाकू" हे पुस्तकी वाक्य, त्यात एक "म्हणून राहिलो" खोचलेलं.

वऱ्हाडीत काय पाहायचं ते ठेचाभाऊ जास्त सांगतील, पण मला दिसतं ते : "ला"च्या जागी "ले" (त्याले, मले), चालू क्रियेला "करून राह्यला", "करायचं"चं "कराचं", "असेल"चं "असन", "तर"चं "त". एवढ्या चारपाच गोष्टी सगळीकडे सारख्या सांभाळल्या तर "डोळा"चा "डोया" न करताही काम भागतं.

वऱ्हाडी_ठेचा

+१. आणि हाका विसरू नका. गड्याला "गा", बाईला "व", मित्राला "बे". वडीलधाऱ्याला होकार द्यायचा तर "हाव जी". एका अक्षरात नातं कळतं. संजूनं दादाला चुकून "बे" म्हटलं तर त्या घरात दोन दिवस कुणी जेवणार नाही. :)

आणखी एक. बाप गेल्यावर मागे बोलताना "बुढा होता तवा..." म्हणतात, त्यात अपमान नसतो. पुण्यात वाचणारा दचकेल. दचकू द्या.

कोल्हापुरी_चप्पल

हाकांवरनं आठवलं. आमच्याकडच्या कितीतरी बायका "मी आलो", "मी जेवलो" म्हणतात. पोरीसुद्धा. माझ्या बहिणीच्या कथेत हे बघून बाहेरच्या कुणीतरी "आलो"चं सगळीकडे "आले" करून टाकलं, नायिका एकदम सदाशिव पेठेत राहायला गेली. हे आधी सांगून ठेवावं लागतं.

मुद्रितवाचक

आलोच या विषयावर. माझं पोट याच कामावर चालतं, म्हणून जरा सविस्तर.

बोलीतली संहिता मुद्रितशोधकाकडे येते तेव्हा त्याच्यापुढे एकच प्रश्न असतो : हे लेखकाने मुद्दाम लिहिलंय की टंकनदोष आहे? पहिल्या पानावर "राह्यला", तिसऱ्यावर "रायला", सातव्यावर "राहिला" असेल, तर तो बिचारा सगळीकडे "राहिला" करतो. त्यात त्याचा दोष नाही. म्हणून संहितेसोबत एक अर्ध्या पानाची यादी जोडा. "या कथेत पुढील रूपे मुद्दाम वापरली आहेत, बदलू नयेत" असं वर लिहा आणि खाली रूपं द्या : त्याले, मले, राह्यला, असन, कराचं, मंग, आल्ता. शिवाय कोण कसं बोलतं : दादा "इचारून", संजू "विचारून" (शेवटच्या भांडणात सोडून). ही यादी करताना तुमचीच गफलत तुम्हाला सापडते, हा दुसरा फायदा. जी नायिका वर सदाशिव पेठेत गेली, ती या यादीने कोल्हापुरातच राहिली असती.

नियमांचं म्हणाल, तर शुद्धलेखनाचे नियम तुमच्या बाजूचे आहेत. साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले, १९७२ मध्ये आणखी ४ आले. पात्राच्या तोंडचं बोलणं त्याच्या उच्चाराप्रमाणे लिहायला त्यांत मुभा आहे. निवेदनात "त्याने केले" आणि संवादात "त्यानं केलं", असा फरक पूर्वी काटेकोर पाळत. आता निवेदनातही "केलं" सर्रास चालतं. मग संवाद वेगळा कसा ऐकू यायचा? तर वर तळकोकणातून म्हणतात तसा, क्रियापदातून.

निवेदन कुठल्या भाषेत, हा प्रश्न कुणी विचारला नाही. त्याची दोन टोकं आपल्याकडे आधीच होऊन गेली आहेत. उद्धव शेळक्यांच्या 'धग'मध्ये (१९६०) निवेदन प्रमाण आणि माणसं वऱ्हाडी बोलतात. आनंद यादवांच्या 'गोतावळा'त (१९७१) सांगणारा नारबा शेतावरचा गडी आहे, त्यामुळे अख्खी कादंबरीच त्याच्या बोलीत आहे. निवड निवेदक कोण यावर ठरते. निळ्या शाईबाई, तुमची कथा "तो"मध्ये आहे की "मी"मध्ये? सांगणारी सुट्टीला आलेली भाची असेल तर प्रमाण निवेदन खरं ठरतं. आणि तुमचा तो "मी लिहावं का" हा प्रश्नही तिथेच मिटतो : भाचीला जेवढं ऐकू आलं तेवढंच लिहायचं.

टंकनाबद्दलही दोन शब्द. "वऱ्हाड" लिहिताना नेहमीच्या र ला ह जोडला तर "वर्हाड" होतं. त्यासाठी ऱ हे वेगळं अक्षर आहे. इनस्क्रिप्ट कळफलकावर र च्याच कळीवर शिफ्ट दाबून येतं. छापखान्यात युनिकोडचं जुन्या फाँटमध्ये रूपांतर करताना पहिला बळी याच अक्षराचा जातो. "सुऱ्या"चा "सुर्या" झाला की खून करायला निघालेला माणूस हातात भलतंच काही घेऊन निघतो. म्हणून संहितेबरोबर पीडीएफही पाठवा, म्हणजे शंका आली तर ताडून पाहता येतं.

निळी_शाई

मुद्रितवाचक, दंडवत! यादीची कल्पना फारच उपयोगी. कथा "तो"मध्ये आहे, पण भाचीचं ऐकून मोह होतोय. ती आली तर दीड पानी परिच्छेद आपोआप जाईल, तिला कळशीभर गोडं पाणी लांबून आणायला पाठवता येईल.

आता हे ऐकायचं कुठे? आजोळी सध्या कुणी राहत नाही.

तळकोकणातून

डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेचा बोलींच्या सर्वेक्षणाचा प्रकल्प आहे, गावोगावच्या लोकांचं बोलणं ध्वनिमुद्रित करून संकेतस्थळावर ठेवलंय. तुमच्या तालुक्याच्या जवळचं गाव शोधा, हेडफोन लावा. शब्दांच्या शंकेसाठी दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश, त्यात शब्दापुढे प्रांताची खूण असते.

शंकासुर

आणि जुना भाषा-सर्वेक्षक ग्रियर्सन सुचवायला कुणी येण्याआधीच सांगतो : त्याच्या भाषा-पाहणीचा मराठीचा खंड १९०५ चा आहे आणि बहुतेक बोलींत त्याने उधळ्या मुलाची तीच बायबलातली गोष्ट उतरवून घेतली आहे. अभ्यासाला उत्तम. त्यावरून संजूचे संवाद लिहाल तर तो पणजोबांसारखा बोलेल.

ध्वनिमुद्रणाचंही एक आहे. माईक पुढे आला की माणूस सावरून बोलतो. खरं ऐकायचं तर एसटीत ऐका. अकोला-दर्यापूर गाडीत मागच्या बाकांवर बसा, फोन बघतोय असं भासवा. शब्द लिहून घेऊ नका, ते राहतात लक्षात. माणूस उत्तर कसं टाळतो ते टिपा. आपल्याकडे सरळ "नाही" फार कमी लोक म्हणतात. "पाहू", "सांगतो मंग", "पोट्ट्याले विचारतो", नाहीतर थेट "चहा घे".

वऱ्हाडी_ठेचा

"चहा घे" म्हणजे नकार, हे अगदी.

माझी एक सूचना : लिहून झालं की तिकडच्याच कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावा. फोनवरही चालेल. चुका विचारू नका, तो लाजेखातर "मस्त आहे" म्हणेल. फक्त वाचू द्या आणि तुम्ही हातात मसुदा धरून ऐका. वाचताना तो आपसूक जिथे शब्द बदलतो तिथे खूण करा. तुम्ही "मी जाणार नाही" लिहिलंय आणि तो "मी नाई जात" वाचून पुढे गेला, तर त्याचंच बरोबर. जिथे तो अडखळून परत वाचतो, ते वाक्य कुणाच्याच तोंडचं नाही.

सातासमुद्रापार

वाचनखूण साठवली. इथे परदेशात मराठी घरांतली मुलं बोलतात ते कसं लिहायचं हाही असाच तिढा. "आई, मी डन आहे" हे रोज ऐकते, पण कागदावर विनोदी दिसतं. विनोद नको असेल तर काय करावं?

शंकासुर

एकदाच लिहा आणि आईला त्यावर काहीही म्हणू देऊ नका. आई हसली किंवा तिनं दुरुस्त केलं की विनोद झाला. तिनं ताट उचललं की ते त्या घरचं नेहमीचं मराठी झालं.

मुद्रितवाचक

सुंदर. ताट उचलण्यावरून एक राहिलं होतं : "तो म्हणाला"ला घाबरू नका. नवे लेखक दर ओळीला खेकसला, पुटपुटला, उद्गारला, गरजला असं बदलत जातात. "म्हणाला" वाचकाच्या डोळ्यांना टोचत नाही, "उद्गारला" टोचतं. दोघंच बोलत असतील तर तीनचार ओळी कर्त्याशिवायही जातात. ठेचांच्या तुकड्यात "म्हणाला" एकदाही नाही, पाहिलंत? दाभणाने ते काम केलं. पण दर वाक्याला दाभण उचललं-ठेवलं तर तेही अंगावर येईल. त्यांनी दोनदाच वापरलंय.

आणि निळी शाई, कथेत दादाची बायको आहे का? ती संजूला काय म्हणते, नाव घेऊन की भाऊजी? अरे-तुरे की अहो-जाहो? हे पहिल्या संवादाआधी ठरवा. पुढे कधी ती अहोवरून अरेवर आली तर तो प्रसंग होतो. आधी ठरलेलंच नसेल तर ती मुद्रितशोधकाला चूक वाटते आणि तो दुरुस्त करून मोकळा.

निळी_शाई

वहिनी आहे, आणि आत्तापर्यंत ती फक्त चहा आणत होती! नाव घेऊन बोलते, अरे-तुरे. लग्न होऊन आली तेव्हा संजू चौथीत होता. असं चालेल? :

वहिनी कळशी टेकवून दारात आली. "संजू, तू जेवून घे आधी."
"भूक नाही."
"सरपंचाच्या घरी खाऊन आला काय?"

वऱ्हाडी_ठेचा

आता बोलली बाई! दादाला जे विचारता येत नाही ते हिने विचारलं. "भूक नाही"चं मात्र "भूकच नाई" करा. आणि कळशी "मोठ्या आवाजात टेकवली" वगैरे लिहायचा मोह होईल, तो टाळा.

शंकासुर

यावर आक्षेप नाही. नोंद घ्यावी.

कोल्हापुरी_चप्पल

शंकासुरांना आक्षेप नाही म्हणजे कथा छापूनच आली म्हणायची. कुठल्या अंकाला देताय?

निळी_शाई

ठरलं नाही अजून. मुद्रितवाचक, जुलै अखेरीस पाठवली तर उशीर होतो का?

मुद्रितवाचक

बहुतेक अंकांची मुदत जून-जुलैतच असते, काही ऑगस्टात थोडं ताणतात. जुलै अखेर म्हणजे काठावर. आधी संपादकांना दोन ओळींचं पत्र टाका, कथेचा विषय आणि शब्दसंख्या कळवा. हो आलं तरच पाठवा. एकच कथा दोन अंकांना एकदम पाठवू नका, दोघांनीही घेतली तर पुढची काही वर्षं दोघंही दारात उभं करत नाहीत. आणि ती रूपांची यादी वेगळ्या फाइलमध्ये नको, कथेच्या पहिल्या पानावरच टाका. वेगळी फाइल छापखान्यापर्यंत पोचत नाही.